माल्व्हर्नचीं पत्रें : एका आजारी मुलीच्या कागदांचें परीक्षण

जुन्या दप्तराची छाननी करणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं एक ढीग असा येतो, कीं त्याचें काय करावें हें त्यास कळत नाहीं. सनदा, निवाडे, वाटणीपत्रें, जमाखर्च हे कागद वेगळे काढतां येतात; राजकारणाचीं पत्रें तर त्याही आधीं हातावेगळीं झालेलीं असतात. शेवटीं उरतो तो घरच्या माणसांनीं घरच्या माणसांस लिहिलेल्या पत्रांचा ढीग. अमक्यास ताप येतो, तमक्याच्या अंगावर देवी उठल्या, मात्रा संपली ती पाठवावी, काळजी न करावी, असला त्यांतील मजकूर. त्यांत एखादी तारीख किंवा एखाद्या स्वारीचा उल्लेख सांपडला तर संपादक तेवढा उचलतो आणि बाकीचा मजकूर 'घरगुती' म्हणून सोडून देतो. ही पद्धति कितपत योग्य आहे, हें पाहण्यासाठीं आम्हीं येथें परदेशांतील एका घरचे कागद परीक्षणास घेतले आहेत.

हें घर इंग्लंडांतील सृष्टिशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन (१८०९–१८८२) यांचें. परकें घर निवडण्याचें कारण असें, कीं एकाच मुलीच्या एकाच आजारासंबंधीं रोजचीं पत्रें, आठवड्यानंतरचें टिपण, थडग्यावरील लेख, पंचवीस वर्षांनंतरचें आत्मचरित्र आणि सव्वाशें-दीडशें वर्षांनंतरच्या चरित्रकारांचे सिद्धांत, असे सर्व थर येथें एकावर एक रचलेले मिळतात. आमच्याकडील दप्तरांत इतका पूर्ण संच क्वचितच हातीं लागतो. कोणत्या थरास किती वजन द्यावें हें ज्यास शिकावयाचें असेल, त्यास या कागदांइतकें चांगलें पाठ्यपुस्तक मिळणें कठीण.

प्रथम हकीकत सांगतों. डार्विन यांचा विवाह १८३९ सालीं त्यांची मामेबहीण एमा वेजवुड हिच्याशीं झाला. १८४२ पासून हें कुटुंब केंट परगण्यांतील डाउन या खेड्यांत राहत असे. त्यांस दहा अपत्यें झालीं. पैकीं तीन बालपणींच गेलीं. दुसरें अपत्य व थोरली मुलगी ॲन एलिझाबेथ, घरांतील नांव ॲनी, हिचा जन्म २ मार्च १८४१ रोजीं लंडन येथें झाला. १८५० च्या उन्हाळ्यापासून तिची प्रकृति ढासळूं लागली. समुद्रस्नानाचा उपाय झाला; गुण आला नाहीं. वूस्टरशर परगण्यांतील माल्व्हर्न गांवीं डॉ. जेम्स गली हे जलोपचार करीत. या उपचारावरील त्यांचा ग्रंथ १८४६ सालीं प्रसिद्ध झाला होता, आणि १८४९ मध्यें स्वतः डार्विन यांनीं तेथें राहून उपचार घेतला होता. आपणांस त्यानें आराम पडला, असा त्यांचा ग्रह होता. म्हणून २४ मार्च १८५१ रोजीं ते ॲनीस, तिच्या पाठच्या बहिणीस व ब्रोडी नांवाच्या दाईस घेऊन माल्व्हर्नला गेले आणि त्यांची व्यवस्था लावून घरीं परतले.

एप्रिलच्या मध्यास मुलीस वांत्या व ताप सुरू झाला. बोलावणें येतांच डार्विन १७ एप्रिल रोजीं तेथें पोंचले. एमाबाई गरोदर असून त्यांचे दिवस भरत आले होते. त्यांस डाउन सोडतां आलें नाहीं. त्यांची भावजय फॅनी वेजवुड ही मदतीस माल्व्हर्नला गेली. २३ एप्रिल रोजीं दुपारीं बारा वाजतां ॲनी वारली. २५ एप्रिल रोजीं तेथील प्रायरी देवळाच्या आवारांत तिचें दफन झालें. परंतु डार्विन त्यापूर्वींच, २४ रोजीं, पत्नीकडे परत गेले होते. १३ मे रोजीं एमाबाई प्रसूत होऊन होरेस नांवाचा मुलगा झाला. हकीकत एवढीच. अशी हकीकत त्या शतकांत इंग्लंडांत काय किंवा आपल्याकडे काय, असंख्य घरांत घडली. फरक इतकाच, कीं या घरानें आपले कागद टाकले नाहींत.

हे कागद छापले जाण्याचा क्रमही लक्षांत घेण्याजोगा आहे. पुत्र फ्रॅन्सिस यांनीं १८८७ सालीं वडिलांचें चरित्र व पत्रें प्रसिद्ध केलीं. त्यांत, ॲनीच्या मृत्यूनंतर वडिलांनीं लिहिलेल्या टिपणाचा कांहीं भाग आला. त्याच ग्रंथांत छापलेल्या आत्मचरित्रांतील धर्मविषयक मजकूर मात्र गाळण्यांत आला. एमाबाई त्या वेळीं हयात होत्या (त्या १८९६ सालीं वारल्या), हें जाणून त्या गाळण्यास आम्ही सर्वस्वीं दोष देत नाहीं. गाळलेला भाग डार्विन यांची नात नोरा बार्लो यांनीं १९५८ सालीं पुन्हां जागच्या जागीं घातला. मधल्या काळांत मुलगी हेन्रिएटा हिनें आईचा पत्रसंग्रह १९०४ सालीं खासगी रीतीनें व १९१५ सालीं सर्वांसाठीं छापला. ॲनीबरोबर माल्व्हर्नला गेलेली, त्या वेळीं सात वर्षांची असलेली धाकटी बहीण ती हीच. पुढें केंब्रिजच्या विद्यापीठ-मुद्रणालयानें डार्विन यांचा समग्र पत्रव्यवहार छापण्यास घेतला. त्याच्या पांचव्या खंडांत (१९८९) माल्व्हर्न व डाउन या दोन्ही ठिकाणांचीं पत्रें तारीखवार व सटीप मिळतात. हें काम तीस खंडांत २०२३ सालीं पुरें झालें. संपादनाचा असा चिकाटीचा नमुना पाहून कोणाही संग्राहकास हेवा वाटावा.

आतां कागदांची परीक्षा. नैयायिक बुद्धीचे दोन भाग करतात : एक अनुभव, दुसरी स्मृति. केवळ पूर्वसंस्कारापासून उपजणारें ज्ञान ती स्मृति; म्हणून यथार्थ अनुभवास मिळणारा प्रमेचा मान ते तिला देत नाहींत. विद्यार्थिदशेंत हा भेद आम्हीं इतरांप्रमाणें घोकला होता. कागदांच्या कामीं तो किती उपयोगी पडतो, हें समजण्यास मात्र पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. माल्व्हर्नचीं पत्रें हा अनुभव. आठवड्यानंतरचें टिपण ही ताजी स्मृति. आत्मचरित्र ही जुनी स्मृति. आणि चरित्रकारांचा सिद्धांत हें अनुमान. प्रत्येकाची परीक्षा निराळी आहे.

१७ ते २३ एप्रिल या सात दिवसांत डार्विन यांनीं पत्नीस पत्रांमागून पत्रें लिहिलीं. त्यांचें पहिलें लक्षण असें, कीं तीं एका बैठकीचीं नाहींत. एकाच कागदावर सकाळची ओळ, दुपारची ओळ, रात्रीची ओळ. वरच्या ओळींत आशा, खालच्या ओळींत निराशा, त्याखालीं पुन्हां थोडी आशा. नाडी कशी चालते, वांती किती वेळां झाली, चमचाभर पेज पोटांत राहिली कीं नाहीं, शस्त्रवैद्यानें मूत्र कसें काढलें, शिरका घातलेल्या पाण्यानें अंग पुसल्यावर तिला कसें बरें वाटलें, असा सर्व मजकूर. मुलीचा चेहरा आक्रसून इतका बदलला आहे, कीं तुला ती ओळखूं येणार नाहीं. पूर्वीची ॲनी विसरूनच मला तिच्याकडे पाहतां येतें, अशा अर्थाचें एके ठिकाणीं ते लिहितात. दुसऱ्या ठिकाणीं म्हणतात, कीं तुला लिहीत असतांना मला शांतपणें रडतां येतें, म्हणून लिहिण्यानें बरें वाटतें.

हा 'घरगुती मजकूर' कोणा संपादकानें गाळला असता तर काय राहिलें असतें? एक तारीख आणि एक मृत्यु. परंतु या मजकुराची किंमत एमाबाईंच्या उत्तरांवरून कळते. तुमचे बारीकसारीक तपशील हाच मला मोठा दिलासा आहे, अंग पुसल्याचें वाचून तुमच्याइतकेंच मलाही समाधान झालें, अशा आशयाचें त्या कळवितात. शंभर मैलांहून दूर असलेल्या आईस मुलीच्या उशाशीं बसण्याचा दुसरा मार्ग नव्हता. पेजेचा चमचा व शिरक्याचें फडकें या तिच्या दृष्टीनें क्षुल्लक गोष्टी नव्हत्या. त्या वाचणें हीच तिची शुश्रूषा होती. जो मजकूर लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास सर्वांत महत्त्वाचा वाटला, तोच पुढच्या संपादकास बिनमहत्त्वाचा वाटावा, यांत दोष मजकुराचा नसून संपादकाच्या दृष्टीचा आहे.

येथें आमच्या वाचकांच्या परिचयाची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडील जुन्या पत्रांवर लिहिल्याच्या मितीखेरीज पत्र पोंचल्याची मितीही पुष्कळदां नोंदलेली असते. तिला आपण पैवस्ती म्हणतों. कारकुनाच्या या संवयीचें महत्त्व माल्व्हर्नचीं पत्रें वाचतांना फार पटतें. तेथून निघालेलें पत्र डाउनला साधारणपणें दुसऱ्या दिवशीं पोंचे. छापील खंडांत पत्रें लिहिल्याच्या तारखेनें लागलेलीं आहेत. म्हणून तीं वाचणारास आईच्या आधीं सर्व कळतें. डाउनला एमाबाई कालच्या आशेस आज उत्तर लिहीत असत, आणि तें उत्तर निघेपर्यंत माल्व्हर्नला आशा मावळलेली असे. २० एप्रिल हा ईस्टरचा रविवार. त्या सुमारास मुलगी सांवरते आहे असें वाटूं लागलें होतें, पुढें पुन्हां तिची शक्ति खचली. या दोन टोकांमधला दिवस आईनें कोणत्या समजुतीनें काढला, हें पैवस्तीची तारीख मनांत धरून वाचल्याशिवाय समजत नाहीं. पत्रव्यवहार म्हणजे दोघांचें संभाषण, असें आपण म्हणतों. पण हें संभाषण असें, कीं त्यांत प्रत्येक जण दुसऱ्याच्या कालच्या दिवसाशीं बोलत असतो. संपादकानें पैवस्ती गाळूं नये, याचें याहून सबळ कारण आम्हांस देतां येणार नाहीं.

२३ एप्रिलच्या पत्रांत डार्विन यांनीं मुलगी शांतपणें गेल्याचें कळविलें. तिचें एक छायाचित्र (त्या काळचें डॅगेरोटाइप पद्धतीचें, १८४९ सालीं घेतलेलें) घरांत आहे याबद्दल त्यांनीं समाधान मानलें, आणि आतां आपण दोघांनीं एकमेकांस अधिक धरून राहिलें पाहिजे, असें लिहिलें. एमाबाईंनीं दुसऱ्या दिवशीं उलट लिहिलें, त्याचा भावार्थ असा, कीं माझें पहिलें धन तुम्हीच आहां व होतां. प्रसूति तीन आठवड्यांवर आलेल्या बाईनें तें लिहिलें आहे, हें आठवून तो कागद वाचावा.

आतां दुसरा थर. ३० एप्रिल रोजीं, म्हणजे मृत्यूनंतर आठव्या दिवशीं, डार्विन यांनीं घरीं बसून ॲनीविषयीं टिपण लिहिलें. त्याचा हेतु ते आरंभींच सांगतात : पुढें आपण जगलों वांचलों तर हें लिहिलेलें वाचून तिची मूर्ति अधिक स्पष्ट आठवावी. हा हेतु आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. आपली स्मृति पुढें दगा देईल, हें ओळखूनच हा मनुष्य लिहावयास बसला आहे. टिपणांत तिचा आनंदी स्वभाव, फिरावयाच्या वाटेवर बापाच्या पुढें गिरक्या घेत धांवणें, त्यांचे केंस विंचरीत बसणें, चोरून तपकिरीची चिमूट आणून देणें, अशा गोष्टी आहेत. आजाराचा भाग थोडा. त्यांतून उरलें तें तिचें मार्दव : पाणी दिलें तेव्हां तिनें आभार मानले, आणि बापाशीं ती बोलली तीं बहुधा शेवटचींच अक्षरें.

पत्रें व टिपण शेजारीं ठेवून पाहिलीं असतां निवड कशी होते हें डोळ्यांस दिसतें. वांती गेली, मूत्ररोध गेला, आक्रसलेला चेहरा गेला. हसरी मुलगी राहिली. आम्ही यास खोटें म्हणत नाहीं. बापानें जें ठेवावयाचें तें ठेवलें. परंतु १८८७ पासून कित्येक वर्षें वाचकांच्या हातीं मुख्यतः हें टिपणच होतें, आणि त्यावरून डार्विन यांच्या दुःखाची जी शांत, सुंदर मूर्ति लोकांच्या मनांत बसली, ती त्या सात दिवसांची मूर्ति नव्हे. स्मृतीस अनुभवाच्या जागीं बसविल्याचें हें फळ.

तिसरा थर आत्मचरित्राचा. डार्विन यांनीं तें १८७६ सालीं मुख्यतः मुलांनातवंडांसाठीं लिहिलें. ॲनीचे गोड वागणें आठवून अजूनही डोळ्यांत पाणी येतें, असें ते तेथें सांगतात. भावना पंचवीस वर्षांनीं तशीच जिवंत आहे. परंतु मृत्यूची तारीख त्यांनीं २४ एप्रिल दिली आहे. थडग्याच्या दगडावर २३ एप्रिल आहे, आणि मृत्युदिवशींचें त्यांच्याच हातचें पत्रही २३ चेंच आहे. एका दिवसाची ही चूक क्षुल्लक म्हणून सोडूं नये. जो बाप उशाशीं होता, जो पुढें जगभर सूक्ष्म निरीक्षणासाठीं नांवाजला गेला, त्याची स्मृति जर अशा तारखेंत चुकते, तर इतरांच्या आत्मचरित्रांतील तारखा आपण कोणत्या धीरावर जशाच्या तशा उतरून घेतों? २४ एप्रिल हा ते डाउनला परतले तो दिवस. दुःख दोघांचें मिळून झालें तो दिवस मनांत राहिला असेल, असा तर्क करतां येतो. पण तो तर्कच. प्रमाण दगडाचें व पत्राचें.

चौथा थर अनुमानाचा, आणि खरा वाद येथें आहे. जेम्स मूर यांनीं १९८९ सालच्या एका निबंधांत, व पुढें एड्रियन डेस्मंड यांच्याबरोबर लिहिलेल्या १९९१ च्या चरित्रांत, असें प्रतिपादन केलें, कीं डार्विन यांची ख्रिस्ती धर्मावरील उरलीसुरली श्रद्धा ॲनीच्या मृत्यूनें संपली. डार्विन यांच्या वंशांतील रँडल केन्स यांनीं २००१ सालीं 'ॲनीज बॉक्स' हें पुस्तक लिहून ही हकीकत सर्वतोमुखीं केली. ॲनीची लेखनपेटी आईनें जपून ठेवली होती. तींत तिचीं लेखणीं, कागद व केंसांची एक बट होती. ती पेटी हातीं आल्यावरून हें पुस्तक उभें राहिलें. पेटीचें व घरगुती कागदांचें केन्स यांनीं केलेलें वर्णन प्रेमळ व काळजीपूर्वक आहे. तथापि श्रद्धेच्या प्रश्नावर २०१२ सालीं जॉन व्हॅन वाय व मार्क पॅलन यांनीं मूळ कागद पुन्हां तपासून, या सिद्धांतास आधार मिळत नाहीं, असा निर्णय दिला.

आम्हांस हा दुसरा निर्णय मान्य होतो. कारणें तीन. पहिलें : आत्मचरित्रांत श्रद्धा गेल्याची हकीकत व ॲनीची हकीकत निरनिराळ्या ठिकाणीं आहेत, अश्रद्धा अगदीं मंद गतीनें आली, इतक्या मंद कीं त्रास वाटला नाहीं, असें ते सांगतात. जिच्या आठवणीनें पंचवीस वर्षांनंतर डोळे भरतात, तिच्या मृत्यूनें आलेल्या अश्रद्धेस कोणी 'त्रास न होतां आलेली' म्हणणार नाहीं. दुसरें : १८८१ सालीं भेटीस आलेल्या एडवर्ड ॲव्हेलिंग या गृहस्थाच्या लेखाप्रमाणें, आपण चाळीस वर्षांचे होईपर्यंत ख्रिस्ती धर्म सोडला नव्हता, असें डार्विन म्हणाले. त्यांस चाळिसावें वर्ष १८४९ सालीं पुरें झालें. म्हणजे ॲनी तेव्हां हयात होती. तिसरें, व आमच्या मतें मुख्य : माल्व्हर्नच्या पत्रांत देवाचें नांव येतें तें त्या काळच्या कोणत्याही घरांतील पत्रांत यावें तसें, निरोपाच्या व आशीर्वादाच्या वळणानें. त्यावरून श्रद्धाही सिद्ध होत नाहीं आणि श्रद्धाभंगही होत नाहीं.

प्रतिपक्षास न्याय देण्यासाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. कागदांवर नाहीं म्हणून मनांतही नव्हतें, असें म्हणतां येत नाहीं. एमाबाई श्रद्धाळू होत्या. पतीच्या संशयानें त्या विवाहापासूनच व्यथित होत्या. त्यांस त्या दिवसांत डार्विन असें कांहीं लिहिणारच नाहींत. ही शंका रास्त आहे. परंतु शंका रास्त असणें आणि सिद्धांत सिद्ध होणें, यांत अंतर आहे. हेतु पक्षावर दाखवितां आला नाहीं तर साध्य कितीही मनोहर असो, अनुमान उभें राहत नाहीं. मुलीच्या मृत्यूस एखाद्या मोठ्या परिणामाचें कारण बनविल्याशिवाय तिच्यावर लिहिण्यास पुरेसें निमित्त नाहीं, असें चरित्रकारांस वाटत असावें. आमच्या मतें दहा वर्षांची मुलगी सात दिवस झुंजून गेली, हें निमित्त पुरेसें होतें.

रोगाच्या नांवासंबंधींही असाच संयम हवा. डॉ. गली यांनीं मृत्यूचें कारण आंत्रज्वरासारखें लक्षण असलेला पित्तज्वर, असें नोंदविलें. आंत्रज्वराचे जंतु १८८० सालीं व क्षयाचे १८८२ सालीं ओळखले गेले. तेव्हां १८५१ च्या नोंदीस आजच्या अर्थानें निदान म्हणतां येणार नाहीं. अलीकडे ॲनीस क्षय झाला असावा असें पुष्कळांचें मत आहे. तें संभवनीय आहे; पण खालीं टीप म्हणून द्यावें, मूळ शब्दाच्या जागीं घालूं नये. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत स्कंद, शकुनि, रेवती, पूतना इत्यादि नऊ बालग्रह सांगितले आहेत. आपल्या जुन्या पत्रांत 'मुलास ग्रहपीडा आहे' असें आलें तर संपादकानें तेथें आजच्या एखाद्या रोगाचें नांव लिहून मोकळें होऊं नये. रोग कोणता हें आपणांस कळो न कळो, घरच्यांनीं त्यास काय म्हटलें हें तरी पुढच्या वाचकास कळूं द्यावें.

घरगुती व सार्वजनिक असा भेद कागदांत किती कच्चा असतो, याचें याच घरांतील आणखी एक उदाहरण देतों. १ जुलै १८५८ रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटींत डार्विन व वॉलेस यांचे जातिविकासावरील लेख वाचले गेले. शास्त्राच्या इतिहासांतील हा मोठा दिवस. डार्विन त्या सभेस नव्हते. त्यांचा सर्वांत धाकटा मुलगा चार्ल्स वेअरिंग, वय दीड वर्ष, २८ जून रोजीं लोहितांग ज्वरानें वारला होता. त्या आठवड्यांत मित्र हूकर यांस लिहिलेल्या पत्रांत मुलाचा मृत्यु व शास्त्रीय लेखांची व्यवस्था हे दोन्ही विषय एकत्र आहेत. यांतील 'घरगुती' भाग वेगळा काढूं म्हणणारानें कोठें कात्री लावावी? जो ती लावील, त्यास ग्रंथकार सभेस कां गेला नाहीं, एवढेंही सांगतां येणार नाहीं.

हें सर्व दुसऱ्यांस सांगतांना आमचा एक जुना अपराध आम्हांस लपवितां येत नाहीं. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील जुन्या वाड्यांत आम्हांस दोन रुमाल पाहावयास मिळाले. मालकांस आम्हीं सनदा, एक निवाडपत्र व कांहीं ताळेबंद निवडून दिले, आणि उरलेल्या मोडी पत्रांविषयीं 'हीं घरगुती आहेत, यांत कांहीं नाहीं' असें सांगितलें. आमच्या शब्दावर विश्वास ठेवून त्या घरानें तीं बंबांत घातलीं. त्यांतील एक पत्र आम्हीं उभ्या उभ्या वाचलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील अक्षर. नोकरीच्या गांवीं असलेल्या मुलास बापानें लिहिलेलें. नातवास देवी आल्या आहेत, आज सातवा दिवस, दूध घेतो, रात्रीं झोंप नाहीं, रजा मिळाल्यास निघून यावें, अशा अर्थाच्या चार ओळी. पुढचीं पत्रें आम्हीं उलगडलीं नाहींत. पत्रावर पैवस्ती होती कीं नव्हती, हेंही आम्हांस आठवत नाहीं. 'सातवा दिवस' हे शब्द तरी त्यांत होते, कीं ते आम्हीं मागाहून मनानें घातले, हें खात्रीनें सांगतां येत नाहीं. कारण आतां तीही स्मृतिच आहे.

म्हणून आमची संग्राहकांस विनंति एवढीच आहे. घरगुती पत्रें वाचण्यास वेळ नसेल तर वाचूं नयेत; पण रुमालांतून वेगळीं काढूं नयेत. काढावींच लागलीं तर क्रम मोडूं नये, पैवस्ती पुसूं नये, औषधाच्या पुडीचा कपटाही पत्रापासून तोडूं नये. आणि छापणारानें त्यांवर मोठ्या सिद्धांताचें ओझें लादूं नये. माल्व्हर्नच्या ॲनीचा प्रत्येक तास आज आपणांस ठाऊक आहे. त्या वाड्यांतील मुलाचें पुढें काय झालें, तो उठून बसला कीं नाहीं, त्याचा बाप वेळेवर पोंचला कीं नाहीं, हें सांगणारा कागद होता. तो आमच्या एका शब्दानें गेला.